शुगर आहे? मग डोळे असे तपासून घ्या: मोतीबिंदू आणि पडदा, दोन्ही

आमच्या घरात आई आणि सासरे दोघांनाही शुगर, दोघांच्याही डोळ्यांचं सगळं मीच बघते, त्यामुळे केसपेपरच्या रांगेपासून ऑपरेशननंतरच्या ड्रॉपपर्यंत सगळ्यातून गेले आहे. ओळखीतले लोक सारखे फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासाप्रमाणे भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी असणारच. आणि त्यातले बरेच जण शुगर तपासतात, बीपी तपासतात, पण डोळ्यांचं म्हणाल तर चष्म्याच्या दुकानात नंबर काढला की झालं असं धरून चालतात. तसं नसतं. एवढं जरी या लेखातून पोचलं तरी खूप झालं.

मी डॉक्टर नाही. औषध, डोस, ऑपरेशनचा निर्णय हे तुमच्या डॉक्टरांचंच काम. मी सांगतेय ते कुठे जायचं, काय न्यायचं, काय विचारायचं आणि लोक कुठे अडकतात.

१. आधी दोन आजार वेगळे करा

शुगरमुळे डोळ्यात बरंच काही होऊ शकतं, पण दोन गोष्टींची सगळ्यात जास्त गल्लत होते.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. वयाने सगळ्यांनाच होतो, शुगरवाल्यांना तो लवकर होतो आणि कधीकधी भराभर वाढतो. धूसर दिसतं, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे लाईट फाकतात, उन्हात गेलं की जास्तच त्रास होतो, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. ऑपरेशन करून भिंग बदललं की पुढचा रस्ता मोकळा होतो.

रेटिनोपथी म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या शुगरने खराब होणं. त्या झिरपतात, पडद्याला सूज येते, पुढे नवीन नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि त्यातून डोळ्यात रक्त उतरतं. याचं वाईट म्हणजे सुरुवातीला काहीच कळत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो आणि तरी आत नुकसान चालू असतं. आणि पडद्याचं जे गेलं ते बरेचदा पूर्ण परत येत नाही, उपचाराने आहे ते वाचवायचं असतं.

गडबड अशी होते की माणसाला कमी दिसायला लागलं की घरचे म्हणतात मोतीबिंदू असेल, वय झालं, हिवाळ्यात करू ऑपरेशन. आणि खरं कारण पडद्याची सूज असते. किंवा दोन्ही असतं. म्हणून तपासणी दोन्हीची, एकाच वेळी.

२. कधी जायचं

टाईप २ म्हणजे आपल्याकडे मोठ्या वयात होते ती नेहमीची शुगर. ती निघाली की लगेच पहिली तपासणी, कारण ती निघायच्या आधी काही वर्षं अंगात असू शकते. त्यानंतर दरवर्षी. टाईप १ वाल्या, इन्सुलिनवरच्या मुलामुलींना शुगर सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत पहिली आणि मग दरवर्षी. आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा दाखवायचा आणि मग डॉक्टर सांगतील तसं पुढेही, कारण गरोदरपणात रेटिनोपथी वाढू शकते. फक्त गरोदरपणातच शुगर वाढली असेल तर हा नियम तसा लागू नाही, पण स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.

अजून एक, जे फार कमी लोक सांगतात. खूप दिवस वाढलेली शुगर नवीन औषधाने किंवा इन्सुलिनने झपाट्याने खाली आणायची ठरली असेल, तर त्याच्या आधी एकदा पडदा तपासून घ्या. शुगर एकदम उतरली की आधीपासून असलेली रेटिनोपथी काही काळ वाढू शकते. म्हणून औषध घ्यायचं नाही असं अजिबात नाही, शुगर कंट्रोलमध्ये आणणं हेच डोळ्यांसाठी सगळ्यात मोठं काम आहे, फक्त डोळ्याच्या डॉक्टरांना माहीत असलेलं बरं.

आणि शुगर वरखाली होत असताना नवीन चष्मा करू नका. शुगरने भिंगात पाणी कमीजास्त होतं, नंबर हलतो, पैसे वाया जातात. काही आठवडे शुगर स्थिर राहू द्या मग नंबर काढा.

३. कुठे जायचं

चष्म्याच्या दुकानातलं कॉम्प्युटर चेकिंग म्हणजे फक्त नंबर. तिथे हनुवटी टेकवून घराचं किंवा फुग्याचं चित्र बघायला लावतात ना, त्या मशीनला तुमचा पडदा दिसत नाही. गावातल्या शिबिरात टॉर्च मारून बघतात त्यात पिकलेला मोतीबिंदू कळतो, पडदा नाही कळत. शिबिरं वाईट नाहीत, खूप लोकांची ऑपरेशनं त्यामुळेच होतात. पण "शिबिरात दाखवलं, काही नाही म्हणाले" याचा अर्थ पडदा तपासला असा घेऊ नका.

सरकारीत सुरुवात ग्रामीण रुग्णालयापासून करता येते, तिथे बऱ्याच ठिकाणी नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, नंबर आणि मोतीबिंदू बघतात आणि पुढे पाठवतात. त्याच्यावर जिल्ह्याचं सिव्हिल. मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं म्हणजे मुंबईत जेजे, केईएम, पुण्यात ससून, संभाजीनगरला घाटी, नागपूरला मेडिकल आणि मेयो, गोव्यात बांबोळीचं जीएमसी. ट्रस्टची डोळ्यांची हॉस्पिटलंही आहेत, पुण्यात महंमदवाडीचं देसाई हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्याखाली सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन लेन्ससकट मोफत होतं.

प्रायव्हेटमध्ये जाणार असाल तर अपॉइंटमेंट घेताना फोनवर एवढंच सांगा: "शुगरचा पेशंट आहे, बाहुली मोठी करून पडदा तपासायचा आहे, रेटिनाचे डॉक्टर कुठल्या दिवशी असतात?" रेटिना म्हणजे पडदाच. लहान गावांत रेटिनावाले डॉक्टर आठवड्यातून किंवा महिन्यातून ठराविक दिवशीच येतात. हे न विचारता गेलात तर नुसता नंबर काढून परत यावं लागतं.

काही फिजिशियनकडे, डायबेटीस क्लिनिकमध्ये पडद्याचा फोटो काढायचा कॅमेरा असतो, ड्रॉप न घालताही फोटो निघतो. चाळणी म्हणून ते फार चांगलं. पण मोतीबिंदू जास्त असेल किंवा बाहुली लहान असेल तर फोटो धूसर येतो, आणि धूसर फोटो म्हणजे नॉर्मल रिपोर्ट नव्हे. "फोटो नीट आला नाही" असं म्हणाले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंच.

४. सोबत काय न्यायचं

एक प्लास्टिकची फाईल करा आणि त्यात हे कायम ठेवा:

- आधार कार्ड, रेशन कार्ड, मेडिक्लेम असेल तर त्याचं कार्ड
- जुने डोळ्यांचे सगळे कागद, ऑपरेशन झालं असेल तर लेन्सचं कार्ड किंवा स्टिकर
- शुगरचे रिपोर्ट: उपाशीपोटी, जेवणानंतरची आणि तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीएवनसी
- बीपी, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल. किडनी आणि बीपी बिघडलं असेल तर पडद्यावरही परिणाम होतो, डॉक्टर विचारतातच
- चालू गोळ्यांची यादी, नाहीतर सरळ गोळ्यांची पिशवीच
- वापरात असलेले चष्मे, लांबचा जवळचा दोन्ही
- गॉगल किंवा टोपी, पाण्याची बाटली, बिस्किटं, साखर किंवा ग्लुकोज
- सोबत एक माणूस. हे टाळू नका

गोळ्यांच्या यादीत तीन गोष्टी मुद्दाम सांगा. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ती. पुरुषांना प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल, किंवा आधी कधी घेतली असेल, तर ती, कारण त्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बाहुली नीट मोठी राहत नाही आणि सर्जनला तयारी ठेवावी लागते. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध असं वाटून बहुतेक लोक हे सांगतच नाहीत. तिसरी पायोग्लिटाझोन, शुगरचीच गोळी आहे, पण तिने काहींच्या पडद्याला सूज येऊ शकते. यातली कुठलीही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, फक्त सांगायची.

५. तपासणीच्या दिवशी

उपाशी जायची गरज नाही. सकाळी नेहमीसारखा नाश्ता, नेहमीच्या गोळ्या, आणि मगच निघायचं. इन्सुलिन घेऊन उपाशी रांगेत बसले आणि शुगर उतरली, घाम फुटला, हातपाय थरथरले, असं ओपीडीत नेहमी बघायला मिळतं. बिस्किटं त्यासाठीच.

आधी तक्ता वाचायला लावतात, एकेक डोळा झाकून. खरं सांगा, अंदाजाने अक्षरं ठोकू नका. पोरांना पाठ असल्यासारखं आमचे सासरे दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तीच ओळ धडाधड म्हणून दाखवायचे, अशाने नंबर चुकतो. मग डोळ्याचं प्रेशर बघतात, ते काचबिंदूसाठी, शुगरवाल्यांना तोही बघावाच लागतो. मग स्लिट लॅम्पवर, म्हणजे त्या उभ्या प्रकाशाच्या मशीनवर पुढचा भाग आणि मोतीबिंदू.

त्यानंतर ड्रॉप. बाकावर सगळे ओळीने डोळे मिटून बसलेले असतात, सिस्टर दर दहा-पंधरा मिनिटांनी येतात, खालची पापणी ओढून एकेक थेंब टाकतात आणि "डोळे मिटा, उघडायचे नाहीत" सांगून पुढे सरकतात. पहिला थेंब चांगलाच चुरचुरतो. बाहुली मोठी व्हायला अर्धा पाऊण तास लागतो, शुगर जुनी असेल तर बाहुली हट्टीपणा करते आणि जास्त वेळ लागतो, थेंब परत टाकावे लागतात. चिडून उठून जाऊ नका. हाच तर खरा टप्पा आहे, बाहुली मोठी झाल्याशिवाय पडद्याच्या कडा दिसत नाहीत. कधी काचबिंदूचा त्रास झाला असेल किंवा कोन अरुंद आहे असं कुणी सांगितलं असेल तर ड्रॉप टाकायच्या आधी सांगा.

मग डॉक्टर डोक्याला लाईट लावून, हातात भिंग धरून वर बघा, खाली बघा, उजवीकडे बघा असं करत पडदा बघतात. प्रकाश डोळ्यात फार जातो, पाणी येतं, पण दुखत नाही. फोटो काढला तर स्क्रीनवर दाखवा म्हणा. आईचा फोटो डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने दाखवला होता. नारिंगी गोल, त्यात रक्तवाहिन्यांच्या फांद्या, आणि मधल्या गडद भागाच्या बाजूला लाल बारीक ठिपके आणि पिवळसर डाग. ते पिवळे डाग म्हणजे झिरपलेली चरबी. तोपर्यंत आई म्हणत होती मला सगळं दिसतंय कशाला खर्च, फोटो बघितल्यावर तिनेच पुढची तारीख विचारली.

ड्रॉपनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. गाडी चालवायची नाही, टू व्हीलर तर नाहीच. बँकेची कामं, सह्या, त्या दिवशी ठेवू नका.

गरज वाटली तर अजून दोन तपासण्या सांगतात. ओसीटी म्हणजे पडद्याचा थर थर दाखवणारा स्कॅन, सूज किती आहे ते त्यात कळतं, काही मिनिटांचं काम. दुसरी अँजिओग्राफी, त्यात हाताच्या शिरेतून पिवळा डाय देतात आणि फोटो घेतात. त्याने अंग जरा पिवळं आणि लघवी गडद पिवळी नारिंगी होते, एक-दीड दिवसात जातं, घाबरू नका. मात्र ॲलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. आणि मोतीबिंदू इतका पिकलाय की पडदा दिसतच नाही असं असेल तर बी-स्कॅन म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी करतात.

६. बाहेर पडायच्या आधी हे विचारा

कागदावर काय लिहिलंय ते घरी येऊन गुगल करत बसण्यापेक्षा तिथेच विचारा:

- दोन्ही डोळ्यांचा पडदा पूर्ण दिसला का?
- रेटिनोपथी आहे का, असेल तर कुठल्या पायरीवर?
- मधल्या भागाला सूज आहे का?
- मोतीबिंदू आहे का, आणि कमी दिसण्याचं कारण मोतीबिंदू की पडदा?
- परत कधी यायचं? तारीख लिहून द्या

काहीच नसेल तर वर्षाने. थोडीशी सुरुवात असेल तर डॉक्टर सहा महिन्यांनी, वर्षाने बोलावतात, जास्त असेल तर तीन-चार महिन्यांनी किंवा लगेच उपचार. उपचार म्हणजे मुख्यतः डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आणि लेझर. डोळ्यात इंजेक्शन ऐकूनच लोक पळतात, पण आधी भूल देणारे ड्रॉप टाकतात, प्रत्यक्ष काम काही सेकंदांचं असतं. एका इंजेक्शनने भागत नाही, सुरुवातीला दर महिन्याला द्यावं लागतं, त्यामुळे खर्चाचं पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला, यात स्वस्त आणि महाग दोन्ही औषधं आहेत. नुकताच हार्ट ॲटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल तर ते सांगणं फार महत्त्वाचं. दोन इंजेक्शनं झाली, बरं दिसायला लागलं, म्हणून मध्येच सोडणारे खूप आहेत, आणि सूज परत येते.

७. मोतीबिंदू निघाला तर

"अजून पिकू दे, मग काढू" हे जुनं झालं. पूर्वीच्या ऑपरेशनला ते ठीक होतं. आता फेकोने, म्हणजे बारीक छेदातून भिंग आतच फोडून काढतात, आणि फार कडक झालेला मोतीबिंदू काढायला उलट अवघड. शुगरवाल्यांना तर दुसरं कारणही आहे, मोतीबिंदू दाट झाला की मागचा पडदा तपासताही येत नाही आणि लेझरही नीट मारता येत नाही. दुसऱ्या टोकाला, जरासा मोतीबिंदू आहे, त्रास काही नाही, तरी घाईने ऑपरेशन करा असं कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या.

ड्रॉपने, मधाने, कुठल्या अर्काने मोतीबिंदू विरघळत नाही. व्हॉट्सॲपवर काहीही येतं, डोळ्यात काही घालू नका.

एक लक्षण फसवं आहे. साठीतला माणूस अचानक म्हणतो मला चष्म्याशिवाय वाचता यायला लागलं, घरचे खूश होतात. बरेचदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते, भिंग कडक होऊन नंबर मायनसकडे सरकतो. शुगर वाढल्यानेही असं होतं. दाखवून घ्या.

ऑपरेशनच्या आधी पडद्याचा निकाल लागलेला हवा. पडद्याला सूज असेल तर शक्यतो आधी तिचा उपचार, कारण शुगरवाल्यांची सूज मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाढू शकते. आणि पडदाच खराब असेल तर ऑपरेशननंतर किती दिसेल हे आधीच विचारा, म्हणजे नंतर "ऑपरेशन बिघडलं" असं वाटत नाही.

लेन्सचं म्हणाल तर काउंटरवर तीन-चार किमतींचा तक्ता पुढे करतात आणि जवळचं लांबचं सगळं दिसेल म्हणून मल्टिफोकल सुचवतात. पडद्यावर शुगरचा परिणाम झालेला असेल तर साधी मोनोफोकलच, म्हणजे एकाच अंतराचं स्पष्ट दाखवणारी, बहुतेक डॉक्टर पसंत करतात, मल्टिफोकलने प्रकाश वाटला जातो आणि आधीच कमजोर पडद्याला अक्षरं अजून फिकी दिसतात. महाग म्हणजे चांगली असं समजू नका, "माझ्या पडद्याला कुठली" हे विचारा.

८. शुगर, पैसे आणि मेडिक्लेम

ऑपरेशनला शुगर कितीपर्यंत चालते याचा प्रत्येक हॉस्पिटलचा आपापला आकडा असतो, तो तारीख घेतानाच विचारा. नाहीतर त्या दिवशी सकाळी शुगर जास्त निघते आणि घरी पाठवतात, गावाकडून गाडी करून आलेल्याला ते फार महागात पडतं. सकाळची शुगरची गोळी, इन्सुलिन घ्यायचं की नाही, खाऊन यायचं की उपाशी, हे लिहून घ्या, कारण ठिकाणागणिक बदलतं. दात, पायाची जखम, लघवीचं इन्फेक्शन असं कुठे पू असेल तर आधी बरं करा.

मेडिक्लेममध्ये मोतीबिंदू डे केअरमध्ये धरतात, २४ तास ॲडमिट व्हायची अट नसते. पण बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो आणि एका डोळ्यामागे ठराविक रकमेची मर्यादा असते, वरचे पैसे आपल्याला भरावे लागतात. डोळ्यातल्या इंजेक्शनलाही काही पॉलिसींत वेगळी मर्यादा असते. लेन्स निवडायच्या आधी टीपीएला, म्हणजे मेडिक्लेमचे क्लेम बघणाऱ्या कंपनीला, फोन करा, नंतर नाही.

९. ऑपरेशननंतर

ड्रॉपचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवा, साधारण महिना-दीड महिना चालतं, हळूहळू कमी होत जातं. हात धुऊनच ड्रॉप टाकायचे, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचा नाही, चुलीच्या धुरापासून लांब राहायचं. चष्मा महिना-दीड महिन्याने, घाई नको.

काही महिन्यांनी, वर्षांनी परत धूसर वाटलं तर लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. मोतीबिंदू परत येत नाही, लेन्सच्या मागे जाळी धरते, ती लेझरने काही मिनिटांत साफ होते. पण शुगरवाल्याने हे स्वतः ठरवू नये, पडद्याची सूजही असू शकते.

आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणजे डोळ्यांचं काम संपलं असं समजून वार्षिक तपासणी बंद करू नका. भिंग नवीन बसलं, पडदा तोच आहे. आमच्याकडे शुगरच्या वर्षाच्या मोठ्या तपासणीच्या महिन्यातच डोळ्यांची तारीख घेतो, कालनिर्णयवर खूण असते, दोन्ही एकत्र लक्षात राहतं.

खालचं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असेल तरी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जायचं:

- एकदम काळे ठिपके, जाळी, धुरासारखं तरंगताना दिसणं
- डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखं होणं किंवा विजेसारख्या चमका
- एका डोळ्याने अचानक कमी दिसणं, दुखत नसलं तरी
- ऑपरेशन किंवा इंजेक्शननंतर दुखणं, लाली वाढणं, नजर कमी होणं
- डोळा लाल, प्रचंड डोकेदुखी आणि उलटी, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं

जाताना फाईल घ्या, आणि शेवटचे ड्रॉप किंवा इंजेक्शन कधी झालं ती तारीख पहिल्याच पानावर लिहिलेली असू द्या.